अनावर घास : प्रस्तावना

आमच्या हातकणंगले तालुक्यात भरपूर खाणाऱ्याची निंदा करण्याचा शिरस्ता नाही. लग्नाच्या पंगतीत पैज लावून जिलेब्या उठवणाऱ्याचे नाव पुढे वीस वर्षे गावात निघते, तालमीत जाणाऱ्या पोराचा दुधाबदामाचा खुराक हा साऱ्या घराच्या अभिमानाचा विषय असतो, आणि पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी मागून घेणाऱ्या पाहुण्याला वाढताना घरच्या लक्ष्मीला जी धन्यता वाटते ती तोंडी स्तुतीने कधी वाटायची नाही. अशा मुलखात बसून, अनावर खाणे हा मनाचा आणि शरीराचा एक विकार आहे असे प्रतिपादन करणाऱ्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना एक खुलासा आरंभीच करणे मला अगत्याचे वाटते, तो हा की प्रस्तुत पुस्तक ही खवय्यांविरुद्ध दाखल केलेली फिर्याद नव्हे. पैलवान पुष्कळ खातो. परंतु तो चारचौघांत खातो, चवीने खातो, पोट भरले की थांबतो, आणि खाल्ल्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी पहाटे आखाड्यातल्या तांबड्या मातीत चुकता करतो. ज्या माणसासाठी हे पुस्तक लिहिले गेले आहे तो यांतले काहीच करीत नाही.

तो माणूस कसा असतो हे मला ज्या बाईंमुळे प्रथम कळले, त्या माझ्याकडे रक्तातल्या साखरेसाठी येत असत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे त्यांचे उपवास ठरलेले. घरात सगळ्यांची पाने उठल्यावर त्या जेवायला बसत, आणि बसत म्हणजे बहुधा ओट्यापाशी उभ्याच राहत. वजन उतरेना म्हणून मी त्यांना आहाराचा एक कागद लिहून दिला आणि त्यावर रात्रीच्या जेवणापुढे ठळक फुली मारली. तीन महिन्यांनी वजन चार किलोंनी वाढलेले पाहून मी त्यांना बोललो, आणि बोललो तेही बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यानंतर त्या यायच्या बंद झाल्या. पुष्कळ दिवसांनी, साखर फारच चढल्यामुळे, लेकीने त्यांना पुन्हा आणले तेव्हा दार लोटून घेऊन त्यांनी जे सांगितले ते असे : रात्री सर्वांची निजानीज झाली की त्या दिवा न लावता स्वयंपाकघरात जात, डब्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते पदरात धरून उघडीत, उरलेली भाकरी, मग शेंगदाण्याची चटणी, मग नातवंडांसाठी आणलेले बिस्किटांचे पुडे, मग गुळाचा खडा, आणि काहीच उरले नाही तर कोरडे पोहे मुठीमुठीने तोंडात कोंबीत. “भूक नसती हो डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “उभ्या उभ्याच खातो मी. काय खाल्लं त्येबी ध्यानात ऱ्हात न्हाई. पोट दुखाय लागलं की मग रडाय येतंय.” माझ्या कागदावरच्या त्या फुलीने त्यांची रात्र आणखी लांबवली होती, हे समजायला मला इतका काळ लागला, आणि ही प्रस्तावना लिहिण्याचे मी मान्य केले त्याचे खरे कारण तेच आहे.

मराठीत या अवस्थेला शब्द नाही असे म्हणण्याची सोय नाही. उलट शब्द विपुल आहेत, मात्र त्यांतले बहुतेक निवाड्याचे आहेत. हावरा, अधाशी, खादाड, बकासुर हे शब्द माणसाची कैफियत ऐकून घेण्यापूर्वीच त्याच्यावर शिक्का मारतात. पण याच भाषेत बायाबापड्यांच्या तोंडी एक प्रयोग रुळलेला आहे, जो मला कोणत्याही वैद्यकीय व्याख्येपेक्षा अचूक वाटतो. कुणी ‘मी खा-खा करतो’ असे म्हणत नाही. ‘मला खा-खा सुटते’ असे म्हणतो. कर्तेपण त्या माणसाकडे राहतच नाही. जसा खोकला येतो, घाम सुटतो, तशी ही क्रिया त्याच्यावर येऊन कोसळते. आधुनिक मनोविकारशास्त्राने या विकाराचे जे मुख्य लक्षण मानले आहे, म्हणजे खाण्यावरील ताबा सुटणे, ते आमच्या आज्यांनी व्याकरणातच नमूद करून ठेवले होते. शास्त्रीय व्याख्येचा उरलेला तपशील थोडक्यात असा : दोनएक तासांच्या मुदतीत, तशाच परिस्थितीत बहुतेक माणसे खातील त्याहून निश्चितपणे अधिक अन्न खाल्ले जाणे, हा प्रकार सरासरीने आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने घडणे, खाणे नेहमीपेक्षा घाईचे, पोट तट्ट फुगेपर्यंतचे, भुकेवाचूनचे, लाजेपोटी एकट्याने केलेले आणि मागाहून स्वतःची किळस व अपराधाची टोचणी लावणारे असणे, यांतली किमान तीन चिन्हे आढळणे, आणि खाल्लेले ओकून काढण्याचा किंवा जुलाबाने घालवण्याचा नेमाने प्रयत्न नसणे. हा शेवटचा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण तसा प्रयत्न नेमाने असेल तर विकार दुसरा ठरतो आणि त्याचे धोकेही निराळे असतात.

अन्नाशी माणसाचे हे भांडण नवे नाही. पाली संयुत्तनिकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तो बुद्धापाशी येऊन बसला, तेव्हा बुद्धाने त्याला उपवासाचा आदेश दिला नाही. मात्रा जाणून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात अशा अर्थाची एक गाथा त्याने सांगितली, ती सुदर्शन नावाच्या एका तरुणाने पाठ केली, आणि राजा जेवायला बसला की ती म्हणून दाखवण्याचे काम त्याच्याकडे आले. असे करता करता राजा नाळीभर भातावर स्थिरावला. जेवणाऱ्याच्या शेजारी एक स्नेही माणूस बसवणे हा त्या इलाजाचा गाभा होता, आणि पुढे ज्या आधुनिक उपचारांचा उल्लेख येईल ते या गाभ्यापासून फारसे दूर नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे वर्णन करताना आचार्यांनी एक विलक्षण सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे : मेदाने मार्ग अडल्यामुळे कोष्ठात कोंडलेला वायू अग्नीला प्रज्वलित करतो, त्यामुळे अन्न झपाट्याने जिरते आणि माणूस पुन्हा अन्नाची इच्छा करतो. म्हणजे अतिक्षुधा हे केवळ स्थौल्याचे कारण नसून त्याचे कार्यही आहे. याच संहितेच्या चिकित्सास्थानात अत्यग्नीचा, ज्याला लोक भस्मक किंवा भस्म्या म्हणतात त्याचा, उपचार लंघन नसून गुरू, स्निग्ध, शीत अन्न वारंवार देणे हा आहे. भस्मक म्हणजेच आजचा हा विकार, अशी ओढाताण मी करणार नाही. पण अनावर भुकेला उपाशी ठेवून जिंकता येत नाही ही जाणीव या भूमीत जुनी आहे, एवढे निश्चित.

पाश्चात्त्य वैद्यकाच्या दप्तरात हा विकार फार उशिरा दाखल झाला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली स्थूल रुग्णांच्या खाण्याच्या तऱ्हा वर्णिताना अशा झटक्यांची स्वतंत्र नोंद केली. परंतु वैद्यकाचे लक्ष तेव्हा वजनाच्या काट्याकडे होते, काट्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे नव्हते. १९७९ साली लंडनमध्ये जेराल्ड रसेल यांनी खाणे आणि ओकणे यांचे दुष्टचक्र ‘बुलिमिया नर्व्होसा’ या नावाने मांडले. बुलिमिया या ग्रीक शब्दाचा अर्थ बैलाची भूक. मात्र जे खातात पण ओकत नाहीत, ते या नावाच्याही बाहेरच राहिले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाच्या १९९४ च्या आवृत्तीत त्यांना परिशिष्टात, अधिक अभ्यास व्हावा अशा शेऱ्यासह, ओसरीवर बसायला जागा मिळाली. माजघरात प्रवेश मिळायला २०१३ साल उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले, त्यातही या विकाराला स्वतंत्र स्थान आहे. ज्या दुखण्याला २०१३ पर्यंत वर्गीकरणात स्वतंत्र स्थान नव्हते त्याच्याविषयी आमच्या तालुक्याच्या गावच्या डॉक्टराला, म्हणजे मला, काही शिकवले गेले नव्हते याचे नवल वाटू नये.

या विषयात नव्याने प्रवेश करणाऱ्याने एक प्रयोग मुळापासून समजून घ्यावा असा माझा आग्रह आहे, आणि तो खाण्याचा नसून उपासमारीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमारीने खंगलेल्या युरोपला पुन्हा कसे खाऊ घालावे हे ठरवण्यासाठी, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती धरण्यास नकार दिलेले, आणि शरीराने व मनाने निकोप म्हणून पारखून घेतलेले असे हे तरुण होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले आणि त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. शरीर खंगले यात आश्चर्य नाही. आश्चर्य मनाचे झाले. ज्यांना आजवर स्वयंपाकात काडीचा रस नव्हता ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, जेवण तासन्‌तास पुरवू लागले, ताटे चाटू लागले, अन्नाखेरीज त्यांना दुसरा विषय सुचेना. आणि अन्न पुन्हा मिळू लागले तेव्हा त्यांतले काही पोट दुखेपर्यंत खात, तरी त्यांची भूक शमेना. या माणसांत पूर्वी लोभ नव्हता, दुबळेपणा नव्हता, संस्कारांची उणीव तर नव्हतीच. १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला हा वृत्तांत वाचताना मला त्या बाईंचे सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी आठवत राहिले, आणि माझी फुलीही.

येथे एक गोष्ट जपून सांगायला हवी. याच तालुक्यात कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या डोंगरावर २८ फुटी भव्य मूर्ती उभी आहे, आणि जिथे अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, हे तप मानले जाते त्या जैन धर्माची परंपरा इथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. श्रद्धेने, शांत चित्ताने, मर्यादा जाणून केलेले व्रत विकार निर्माण करते असे प्रतिपादन या पुस्तकात नाही आणि मलाही ते मान्य होणार नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे. व्रताचे मर्म त्या मधल्या वाटेत आहे. परंतु स्वतःच्या देहाच्या तिरस्काराने धरलेला उपवास जेव्हा व्रताचे वस्त्र पांघरतो, तेव्हा घरच्यांना तो ओळखू येत नाही, आणि ज्याला हा विकार आधीच जडला आहे त्याच्या बाबतीत दिवसभराचे लंघन रात्रीच्या झटक्याची पूर्वतयारी करीत असते, हे सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे.

कारणांविषयी विद्वानांचे निरनिराळे पंथ आहेत. हिल्डे ब्रुक यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की अर्भकाच्या प्रत्येक रडण्याला अन्नाने उत्तर मिळाले तर त्याला भूक, भीती आणि एकटेपणा यांतला भेद शिकताच येत नाही. रडणाऱ्या पोराच्या तोंडात साखरेची चिमूट ठेवणाऱ्या आपण सर्वांनी हे एकदा ऐकून घ्यावे. मात्र साऱ्या दोषाचा धनी आईला करण्याकडे या पंथाचा जो कल होता, तो मला अन्यायाचा वाटतो. १९७८ साली सूझी ऑर्बाक यांनी हा प्रश्न स्त्रीच्या देहावर समाजाने बसवलेल्या पहाऱ्याशी जोडला. पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी आहारनियंत्रणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले : कडक पथ्य पाळणाऱ्याकडून एक घास चुकून जास्त गेला की ‘आता मोडलेच आहे तर मोडू दे’ म्हणून तो सारा बांधच फोडून टाकतो. हेदरटन आणि बॉमायस्टर यांनी १९९१ साली असे सुचवले की हे खाणे म्हणजे स्वतःपासून पळून जाणे आहे. काय खाल्लं त्येबी ध्यानात ऱ्हात न्हाई, हे त्या बाईंचे वाक्य या उपपत्तीचा पुरावा म्हणून दाखल करता येईल. शरीरशास्त्रज्ञांचा पंथ निराळाच. तृप्तीची वर्दी मेंदूला देणारे लेप्टिन १९९४ साली आणि भुकेची वर्दी देणारे घ्रेलिन १९९९ साली सापडल्यापासून भूक हा केवळ इच्छाशक्तीचा विषय राहिलेला नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसते, आणि ओलान्झापिनसारखी काही मनोविकारांची औषधे तसेच स्टेरॉइड्स भूक भडकवतात, हे तर प्रत्येक डॉक्टराने औषध लिहिण्यापूर्वी स्मरावे. अन्नाला व्यसनाच्या पंक्तीला बसवणारा आणखी एक पंथ आहे. १९६० साली लॉस एंजेलिस येथे सुरू झालेली ‘ओव्हरईटर्स अॅनॉनिमस’ ही मंडळी त्यातली. दारू वर्ज्य करता येते, अन्न वर्ज्य करता येत नाही, या साध्या अडचणीपाशी तो पंथ अडतो असे माझे मत आहे. तरी त्या मंडळींनी एकमेकांना दिलेल्या सोबतीचे मोल मी कमी लेखत नाही.

आपल्याकडे या विषयाची चर्चा उशिरा सुरू झाली, कारण उपासमारीच्या देशात हे श्रीमंतांचे चोचले, अशी समजूत होती. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर तगलेल्या पिढीला तर अति खाण्याचे दुखणे समजावून सांगणेच कठीण. मद्रासच्या श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली भारतातील खाण्याविषयीच्या अस्वस्थतेवर अभ्यास प्रसिद्ध केला. तरी अनावर खाण्याचा विचार जनसामान्यांपर्यंत पोहोचला नाही. दरम्यान देश बदलला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे आढळले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेल्याचे दाखवले. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतील माता व बालकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून आपली मुले जन्मतःच सडपातळ दिसली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते हे सिद्ध केले. त्याचा अर्थ असा की ज्या वजनाला युरोपीय माणूस निर्धास्त असतो त्या वजनाला आपल्याकडे मधुमेह दाराशी येऊन उभा असतो. अनावर खाण्याने वाढणारे वजन, रक्तदाब, साखर, पित्ताशयातील खडे, झोपेत अडणारा श्वास ही दुखणी म्हणूनच आपल्याला अधिक महाग पडतात. पण धोक्याची यादी तेवढ्यावर संपत नाही. या विकाराबरोबर विषण्णता, चिंता आणि कधी जीव नकोसा होणे ही येतात, आणि ती काट्यावर मोजता येत नाहीत. हा विकार सडपातळ माणसांनाही होतो, पुरुषांनाही होतो. अमेरिकेतील २००७ च्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा विकार झालेल्या स्त्रिया ३.५ टक्के आणि पुरुष २ टक्के आढळले. म्हणजे हे बायकांचे दुखणे म्हणून हात झटकायला जागा नाही. इचलकरंजीत रातपाळी संपवून पहाटे खोलीवर परतणारा, दिवसभर चहावर काढलेला आणि मग खाणावळीचा डबा, फरसाणाची पुडी, पाव असे हाताला लागेल ते एका बैठकीत संपवणारा यंत्रमाग कामगार मी पाहिला आहे. त्याला कुणी रुग्ण मानत नाही, तो स्वतःही मानत नाही.

उपचारांविषयी आशा बाळगावी अशी परिस्थिती आहे. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या विचार-वर्तन उपचाराचा पहिला हुकूम रुग्णाला चकित करतो, कारण तो कमी खाण्याचा नसून वेळेवर खाण्याचा आहे : दिवसातून तीन जेवणे, मध्ये दोन-तीनदा थोडे खाणे, आणि जागेपणी दोन खाण्यांत चारएक तासांहून अधिक अंतर पडू न देणे. जोडीला एक वही. तीत काय खाल्ले, केव्हा, कुठे, आणि त्या वेळी मनात काय चालले होते याची नोंद, जमाखर्चाच्या चोखपणाने पण जमाखर्चाच्या धाकाशिवाय. ब्रिटनच्या २०१७ च्या अधिकृत मार्गदर्शनात या विकारावर प्रथम मार्गदर्शकासह स्वयंसाहाय्याचे पुस्तकच सुचवले आहे, आणि मराठीत तसे पुस्तक असण्याची निकड यावरून लक्षात यावी. नात्यांतील ताण उलगडणारा आंतरवैयक्तिक उपचार आणि मार्शा लिनेहन यांच्या पद्धतीतून आलेला भावना-नियमनाचा उपचार, हेही गुणकारी ठरले आहेत. औषधांपैकी लिसडेक्सॅम्फेटामिनला अमेरिकेत २०१५ साली या विकारासाठी मान्यता मिळाली. ते नाडी आणि रक्तदाब वाढवते, सवय लावू शकते, म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून त्याचा विचारही करू नये. वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांचा हल्ली बोलबाला आहे ती या विकाराचे मान्यताप्राप्त औषध नव्हेत. दोनदाच जेवावे असे सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि थोड्या थोड्या वेळाने खावे असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या मतांवर महाराष्ट्रातल्या घराघरांत वाद झडले आहेत. निरोगी माणसाने त्यांतले काय स्वीकारावे हा त्याचा प्रश्न, पण ज्याला खा-खा सुटते त्याने दीर्घ अंतराचे कोणतेही पथ्य आधी डॉक्टराला विचारल्याशिवाय धरू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

खेड्यातल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे अजून जड जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या दुखण्याला विम्यात शरीराच्या दुखण्याच्या बरोबरीने वागवावे असे बंधन घातले आहे, आणि २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क उपलब्ध आहे. कोल्हापूरची एसटी पकडण्याचे धैर्य होत नसेल त्याने निदान तेथून आरंभ करावा.

या पुस्तकाचा मनसुबा मर्यादित आहे आणि मला ती मर्यादाच त्याची थोरवी वाटते. वजन उतरवण्याचे आश्वासन ते देत नाही. ज्याला स्वतःचे दुखणे ओळखता येत नाही त्याला ते ओळखण्यापुरती भाषा द्यावी, घरच्यांना डब्याला कुलूप लावण्यापासून आणि पानावर बसलेल्याला टोचून बोलण्यापासून परावृत्त करावे, आणि माझ्यासारख्या डॉक्टराला वजन विचारण्यापूर्वी ‘जेवताना ताबा सुटल्यासारखे वाटते का?’ एवढा एक प्रश्न विचारायला शिकवावे, असा त्याचा हेतू दिसतो. सामान्य वाचकाने ते क्रमाने वाचावे. ज्याला हा विकार आहे त्याने कारणमीमांसा मागाहून वाचली तरी चालेल, आधी वहीपासून सुरुवात करावी. शास्त्रीय संज्ञांना संस्कृताचे जड दागिने घालण्याचा मोह लेखनात टाळला आहे, आणि जिथे लोकांचा शब्द मिळाला तिथे तोच ठेवला आहे.

त्या बाईंची वही माझ्या टेबलावर आहे. ती इथे दाखवायला त्यांनी मला परवानगी दिली, नाव न लिहिण्याच्या अटीवर. नातीच्या जुन्या शाळेच्या वहीची उरलेली पाने. पहिल्या काही पानांवर नुसत्या वेळा आहेत, रात्रीचे बारा, रात्रीचा एक, आणि पुढे काही लिहिलेले नाही. मग मधल्या एका पानावर, पेन्सिलीने, किंचित मोठ्या अक्षरांत : ‘साडेआठ. दोन भाकरी, वांग्याची भाजी, भात. सगळ्यांबरोबर बसून.’

हातकणंगले